जगन खातूंची माफी

सिनेमावाल्यांना घर द्यायला वसुंधरा खातू तयार झाली, ती नाही म्हणता म्हणता थकली म्हणून. दिग्दर्शक राजस वर्षभर पुण्याहून पनवेलला खेटे घालत होता. त्याला तिच्या भावावर, लेखक जगन खातूंवर सिनेमा करायचा होता. तोही त्यांच्या शेवटच्या वर्षांवर. ती वर्षं याच दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गेली होती आणि ती जवळून पाहिलेली आता एक वसुंधराच उरली होती.

जगन खातूंचं आत्मचरित्र एके काळी घरोघरी होतं. आईने आपल्याला लहानपणी पनवेलच्या एसटी स्टँडवर बसवलं, 'खाऊ आणते' म्हणाली आणि एका ट्रक ड्रायव्हरबरोबर निघून गेली. पुढे आपण हॉटेलात कपबशा विसळत वाढलो, असं त्यांनी लिहिलं होतं. पुरस्कार मिळाले. कॉलेजांत धडा लागला. प्रत्यक्षात टपाल नाक्याजवळ त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि आई पोराला दहावीपर्यंत हाताने भरवत होती. पुस्तक आलं तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "मोठा झाला तो आता." घरात तो विषय तिथेच बंद झाला.

बऱ्याच वर्षांनी एक पत्रकार दारात उभा राहिला आणि बाल्कनीत पापड वाळत घालणाऱ्या आईचा फोटो पेपरात छापून आला. मग सगळंच संपलं. पुरस्कार परत मागितले गेले, धडा वगळला गेला, सभांना बोलावणारे फोन उचलेनासे झाले. बायको मुलाकडे निघून गेली. जगन खातू दोन बॅगा घेऊन पनवेलला आले. वडील तोवर वारले होते. दार आईनेच उघडलं.

"जेवलास का?" तिने विचारलं.

त्या दिवसापासून ती दोघं आणि वसुंधरा एका छपराखाली राहिली. वसुंधरा सकाळी बँकेत जायची, संध्याकाळी येऊन दोघांचं करायची. आधी आई गेली, मग तीन-चार वर्षांनी जगन.

शूटिंग सुरू झालं तशी वसुंधरा समोरच्या फ्लॅटमध्ये शहाबानोकडे जाऊन बसू लागली. शहाबानोचा नवरा कतारला होता, मुलगी लग्न होऊन गेलेली. दोघी दार उघडं ठेवून चहा पीत आणि समोरच्या दारातून वायरी, दिवे, माणसं आत-बाहेर होताना पाहत.

तिसऱ्या दिवशी राजस स्वतः बोलवायला आला. "ताई, आज शेवटचा सीन आहे. तुम्ही बघायलाच हवा."

जगन झालेले नट कुमार मोहिते भिंतीवरच्या आईच्या फोटोसमोर उभे होते. हुबेहूब दादाची पाठ. ते खाली बसले आणि फोटोखालच्या भिंतीला कपाळ टेकवून रडत म्हणाले, "आई, मी तुला जिवंतपणी मारलं गं. मला माफ कर." कॅमेऱ्यामागच्या एका मुलीने डोळे पुसले.

"असं झालं नाही," वसुंधरा म्हणाली.

राजसने तिला हळूच बाजूला घेतलं. "माहितेय, ताई. पण कधीतरी, मनातल्या मनात तरी..."

"मनातलं मला माहीत नाही. त्याने माफी मागितली नाही. आईची नाही, माझी नाही, कोणाचीच नाही."

मोहिते जवळ आले. "मग काय केलं त्यांनी? मला सांगाल?"

वसुंधराला खरं तर बोलायचा कंटाळा आला होता. पण त्या म्हाताऱ्या नटाने एवढं नीट विचारलं की ती खुर्चीवर बसली.

"आईची नजर अधू झाली होती. एक दिवस म्हणाली, जगूचं पुस्तक मला वाचून दाखव. मी टाळलं. ती ऐकेना. शेवटी वाचलं. दादा आतल्या खोलीत होता, दार उघडं होतं. एसटी स्टँडचा भाग आला, तोही वाचला. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, फार वाईट केलं गं त्या बाईने. आणि पुढे विचारते, त्या पोराला मग कोणी जेवायला घातलं?"

मोहिते थोडे पुढे वाकले.

"आणि जगन?" मोहित्यांनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी चहा घेताना मला म्हणाला, काल तू त्या प्रकरणातली एक ओळ गाळलीस. चांगली ओळ होती."

मोहिते राजसकडे वळले. "हे करू या. मला हे करायचंय."

राजस खिडकीशी गेला. "नाही, सर. मग शेवटी प्रेक्षक त्या माणसाचा तिरस्कार करत बाहेर पडेल."

"मी केला नाही," वसुंधरा म्हणाली. "सोबत राहिले, तरी केला नाही. थकले फक्त."

राजसने मान खाली घातली, पण सीन बदलला नाही. त्याचाही नाइलाज असेल. पैसे लावणारे दुसरे होते. वसुंधराने वाद घातला नाही. ती उठली, स्टुलावर चढून तिने आईचा फोटो खिळ्यावरून काढला.

"त्याला रडू दे. पण हिच्यासमोर नको."

फोटो पदराखाली धरून ती शहाबानोकडे गेली. शहाबानोने काही न विचारता कपाटावर जागा करून दिली. समोरच्या घरात थोडी धावपळ झाली. मग कोणीतरी गावातल्या फोटोवाल्याकडून कुठल्यातरी अनोळखी बाईची तसबीर आणली आणि मोहिते तिच्यासमोर पुन्हा रडले.

सिनेमा पुढच्या हिवाळ्यात लागला. दोघी दुपारच्या खेळाला गेल्या. शेवटच्या सीनला थिएटरभर नाकं ओढल्याचे आवाज आले. बाहेर पडताना एका बाईने वसुंधराला ओळखलं आणि तिचा हात धरला. "बरं झालं हो, शेवटी त्यांनी आईची माफी मागितली. नाहीतर माणूस तसाच जातो."

"तो तसाच गेला," वसुंधरा म्हणाली.

बाईला नीट ऐकू आलं नसावं. ती हसून पुढे गेली.

रिक्षात शहाबानो ओढणीने डोळे टिपत होती. "अल्ला, मला सगळं खोटं आहे ते माहीत होतं, वसुताई. तरी रडू आलं."

वसुंधरा रस्त्याकडे पाहत होती. पळस्पे फाट्याकडे जाणारे ट्रक एकामागून एक थांबले होते आणि रिक्षा मध्येच अडकली होती.

"मलाही आलं," ती म्हणाली. "दोन मिनिटं वाटलं, मागितली त्याने."

शहाबानोने तिचा हात हातात घेतला. घरी पोचल्यावर ती म्हणाली, माझ्याकडेच जेव. वसुंधरा बरं म्हणाली, आणि पानं वाढेपर्यंत तिथेच कोचावर झोपून गेली.