भोंभों मशीन आणि साईशचा खोकला

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेला जो पांढरा डबा दिसतो ना, तो मीच. तसा मी काही पणजोबांच्या काळातला नाही. पण माझा रंग आता पिवळसर झाला आहे, नळी एका जागी मुडपली आहे, आणि ज्या पोरासाठी मला आणलं ते पोर आता घरभर धावतं. तेव्हा मला जुना म्हणायला हरकत नाही. डॉक्टर मला नेब्युलायझर म्हणतात. सुर्ल्याच्या या घरात मात्र त्या नावाने मला कोणी एकदाही हाक मारली नाही. इथे मी भोंभों मशीन.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पोटात छोटा पंप बसवला, डोक्यावर बटण लावलं आणि कुशीला एक गोल झाकण दिलं. त्या झाकणाआड पांढरीशुभ्र चकती असते. ती म्हणजे माझं नाक. खोलीतली हवा मी तिथून ओढतो आणि नळीतून जोरात पुढे सोडतो. मग औषधाचं अगदी बारीक धुकं होतं आणि ते मास्कमधून आजारी लेकराच्या छातीत उतरतं. एवढंच माझं काम. ते करताना मी आवाज फार करतो, हे मला मान्य आहे. ज्याचा त्याचा स्वभाव.

डिचोलीतल्या एका औषधाच्या दुकानात मी बरेच दिवस गरम पाण्याच्या पिशव्यांच्या शेजारी बसून होतो. पिशव्या विकल्या जायच्या, नव्या यायच्या, मी आपला तिथेच. मला कोणी नेत नाही याचं मला वाईट वाटायचं. कोणी नेत नाही म्हणजे कोणाचं मूल आजारी नाही, एवढी अक्कल तेव्हा मला नव्हती.

मग एके दिवशी गौरेश आला. उंच, सावळा, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्याच्या शर्टाच्या शिवणींतसुद्धा तांबडी माती होती. हातात साखळी गावच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती. त्याने माझा खोका लहान मुलाला धरावं तसा छातीशी धरला आणि मी सुर्ल्याला आलो.

घरात माणसं चारच. गौरेश, त्याची बायको विनिता, त्याची आई चंद्रावती आणि अजून दात न आलेला साईश. या साईशला खोकला होता. साधा खोकला येतो आणि जातो. याचा खोकला जायचा आणि पुन्हा यायचा, छत्री विसरलेल्या पाहुण्यासारखा. खोकता खोकता पोराचं तोंड लाल व्हायचं, छातीत शिट्टी वाजायची, पाजलेलं दूध बाहेर यायचं. विनिताचा जीव टांगणीला लागलेला असायचा. ती त्याला उभा धरून पाठीवरून हात फिरवत राही.

माझं स्वागत काही फार थाटात झालं नाही. बटण दाबलं आणि मी सुरू झालो, तशी चंद्रावती दोन पावलं मागे सरली.

"हें कितें गो हाडलां? गिरण काय?" तिने विचारलं.

"औषधाचें मशीन तें, आई," विनिता म्हणाली. "डॉक्टरान सांगलां."

"पोर भियेतलो मगे."

पोर भ्यालं नाही. माझ्याकडे टक लावून बघत बसलं आणि थोड्या वेळाने विनिताच्या मांडीवर झोपलंही. छातीतली शिट्टी बंद झाली. चंद्रावती जवळ आली, माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरें आसा गो गरीब." त्या दिवसापासून माझी जागा बाळाच्या खोलीतल्या फळीवर ठरली. दसऱ्याला गौरेशच्या ट्रकला झेंडूचा हार घातला, तेव्हा त्यातलं एक फूल माझ्याही डोक्यावर आलं. मी फुशारलो, खोटं कशाला सांगू?

त्याच फळीखाली, जमिनीवर, माझा एक शेजारी होता. डिचोलीच्या कुंभाराने घडवलेलं मातीचं धुपाटणं. बाळाची आंघोळ झाली की चंद्रावती त्यात करवंटीचे निखारे घाली. वर ओवा, लसणीच्या साली, वावडिंग, चिमूटभर राळ. मग पोराला दोन्ही हातांवर आडवं धरून त्या धुरीवरून फिरवायची. तोंडाने काहीतरी गुणगुणायची. गौरेशला तिने असंच वाढवलं होतं. नवरा लवकर गेला, शेतात राबून तिने एकटीने मुलगा मोठा केला, आणि त्याला कधी साधं पडसंही झालं नाही, असं ती अभिमानाने सांगे. नातू खोकू लागल्यावर तिने धुरी सकाळ-संध्याकाळ केली. मायेचं माणूस दुसरं काय करणार?

डॉक्टरीणबाईंनी विचारायचं ते सगळं विचारलं होतं. मी पिशवीत होतो, मी ऐकलं.

"घरांत कोण विडी-सिगारेट ओडटा? चूल पेटता?"

"ना, डॉक्टर," विनिता म्हणाली. "गॅस आसा. हे तर सुपारीय खायनात."

ती खोटं बोलली नाही. धुरीला धूर म्हणायचं असतं हे त्या घरात कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. धूर चुलीचा, धूर विडीचा. धुरी म्हणजे औषध. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धुळीपसून सांबाळ," आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली.

कारण धूळ तर दारात होती. खनिजाचे ट्रक घरावरून जायचे. कुंपणावरची पानं तांबडी, दोरीवरचे कपडे तांबडे, पोदेर पाव घेऊन येई त्याच्या सायकलची घंटीसुद्धा तांबडी. त्यामुळे जनेलं बंद झाली. इथे खिडकीला जनेल म्हणतात. गौरेशने हौसेने काचेची सरकती जनेलं बसवली होती, ती एकदा लावली की मुंगीलाही वाट नसे. जुनं घर कौलारू होतं तेव्हा आत केलेला धूर कौलांतून निघून जायचा. आता वर स्लॅब. आंघोळ, धुरी, मग खोकला, मग मी. रोजचा क्रम. बंद खोलीत मी भोंभों करत तीच हवा ओढायचो, माझ्या नाकात राळेचा वास भरायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय? पण मला एकच शब्द येतो, आणि त्याचा अर्थ कोणाला कळणार?

मे महिन्यात विनिता पोराला घेऊन माहेरी वाळपईला गेली. मीही गेलो. तिथे गर्द झाडी, ट्रक नाहीत. आणि साईश खोकलाच नाही. मी पिशवीतून बाहेरसुद्धा आलो नाही. परत सुर्ल्याला आलो आणि आठवडा सरायच्या आत ती शिट्टी पुन्हा वाजली. यापेक्षा वेगळा पुरावा कोणाला हवा होता? विनिताच्या आईला धुरीचा त्रास होतो म्हणून तिच्या घरी धुपाटणंच नाही, ही गोष्ट कोणी हिशेबात धरली नाही.

गौरेश त्या दिवसापासून गप्प झाला. कामावरून आला की विहिरीवरच आंघोळ करी, कपडे बाहेरच टाकी, आणि तरीही पोराला उचलायला कचरे. "म्हज्याच आंगाची धूळ ती," तो एकदा बायकोला म्हणाला. आपल्या पोटापाण्याच्या धंद्यानेच आपलं मूल आजारी आहे असं बापाला वाटावं, याहून मोठी टोचणी नाही.

पावसाळ्यात ट्रक थांबले. धूळ बसली. खोकला मात्र होताच, उलट वाढला. "घरांतच मुरल्या ती," गौरेशने आपल्या मनाची समजूत घातली. आणि मग एक दिवस जेवताना त्याने आईला सांगून टाकलं.

"आई, चवथ जाली काय आमी वाळपय भाड्यान घर घेतां. हांगा बाबूचो खोकलो बरो जावचो ना. तूंय चल."

चंद्रावतीने हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाली, "म्हजी तुळस, गोरवां, शेत, तें कोणाच्या गळ्यांत घालूं? तुमी वचात. बाबू बरो जाता तर खंयय घेवन वच."

ती रडली नाही. पण त्या दिवशी भांडी घासताना तिने एकच तांब्या कितीतरी वेळ घासला. मुलगा, सून, नातू, तिघे जाणार आणि ती एकटी राहणार. चुकलं कोणाचंच नव्हतं, म्हणून भांडायलाही जागा नव्हती.

चवथ म्हणजे गणेशचतुर्थी. चवथीआधी आमच्याकडे घर धुऊन-पुसून लख्ख करतात. गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधायची म्हणून तिची लाकडी चौकट खाली काढतात, फळ्या रिकाम्या करतात. चंद्रावतीने मला हातात घेतलं. "पोराबरोबर वतलो न्हय तूं? नितळ वच," असं माझ्याशी बोलत तिने ओल्या फडक्याने माझं अंग पुसलं. बटण पुसलं, नळी पुसली. पुसता पुसता कुशीवरचं गोल झाकण तिच्या बोटाने फिरलं आणि उघडलं.

मित्रांनो, ती चकती तुमच्या लक्षात आहे ना? पांढरीशुभ्र?

चंद्रावतीने ती नखाने बाहेर काढली आणि खिडकीपाशी नेऊन बघत राहिली. जन्म सुर्ल्यात गेलेल्या बाईला धूळ ओळखायला चष्मा लागत नाही. तांबडी दिसली असती तर तिने सुस्कारा टाकून मला पिशवीत भरलं असतं. पण चकती तांबडी नव्हती. ती काळी होती, तेलकट, काजळीसारखी. तिने ती नाकाशी नेली. मग खाली बसली, धुपाटण्याच्या काठावरून एक बोट फिरवलं आणि ते बोट चकतीशेजारी धरलं.

मला वाटलं, आता ही चकती केरात टाकेल आणि विषय संपेल. कोणाला कळणार होतं? पण तिने हाक मारली.

"विनिता, हांगा ये गो. हें पळय. आमची धूळ तांबडी. हें काळें कित्याक?"

विनिता आली. तिने चकती पाहिली, सासूचं बोट पाहिलं आणि मान खाली घातली.

"तुका कळलेलें?"

"दुबाव आसलो, आई. वाळपय आसताना मनांत आयलेलें. पूण खात्री नासली."

"सांगूंक ना कशाक?"

"तुमी इतक्या मायेन करताल्यात. जिबेर येयना."

चंद्रावतीने पदराने बोट पुसलं. "मायेन घातलो म्हणून काय तो धूर न्हय गो?" ती म्हणाली, आणि मग तिच्या डोळ्यांना पाणी आलं. विनिता तिच्या शेजारी जमिनीवर टेकली. मग चंद्रावती उठली आणि तिने सगळी जनेलं सताड उघडली. बाहेर पाऊस होता, चार थेंब आत आले, तरी तिने लावली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून साखळीला गेल्या. चकती कागदात बांधून नेली. डॉक्टरीणबाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "धुरी बंद. बाळाच्या छातयेक ती सोसना." औषध त्यांनी सांगितलेलंच चालू ठेवलं, नवी चकती आणायला सांगितली.

आता तुम्हाला वाटेल, खोकला दुसऱ्या दिवशी पळाला. तसं होत नसतं. तो हळूहळू कमी झाला. पुढे थंडीत एकदा परत आला, तेव्हा माझी गरज लागली, पण थोडीच. ट्रक पुन्हा सुरू झाल्यावर ते जायच्या वेळेपुरती जनेलं लावतात, बाकी वेळ उघडी. धुळीने काही त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. पण वाळपईचं घर कोणी घेतलं नाही. गौरेश कामावरून आला की विहिरीवर हातपाय धुतो आणि सरळ पोराला खांद्यावर घेतो.

धुपाटणं बाहेर तुळशीपाशी गेलं. तिथे ते संध्याकाळी धूप जाळतं, मोकळ्या आभाळाखाली, आणि मजेत आहे. आंघोळीनंतर चंद्रावतीच्या हातांना सुरुवातीला काय करावं ते सुचेना. मग ती नातवाला आपल्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून उन्हात बसू लागली. गुणगुणणं तेच.

आणि मी? मी इथे फळीवर. अधूनमधून शेजारची सेजल तिच्या लेकीसाठी मला नेते, तेही डॉक्टरांना विचारून, मास्क तिचा स्वतःचा आणून. साईश आता धावत येतो. खाली उभा राहून माझ्याकडे बोट दाखवतो आणि "भों" म्हणतो. कोणी मला खाली काढत नाही. दुकानात याच गोष्टीचं मला वाईट वाटायचं. आता वाटत नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर फार काही नको. काम झालं की मास्क धुऊन वाळवा, डॉक्टरांनी दिलेल्या औषधाखेरीज माझ्यात काही घालू नका, आणि चकती वेळच्या वेळी बदला. पण जुनी चकती लगेच केरात फेकू नका. चंद्रावतीसारखी एकदा उजेडात धरा आणि तिचा रंग नीट बघा.