नेट गेलं, मी कुठं गेली?

मी जिवंत होती हो! पण कोणी मानलंच नाही. नेट गेलं की लोक कपाळाला हात लावतात, गेलं सारं! अरे, नेट गेलं, मी कुठं गेली?

मी सेशन बोलतेय. सानगडीच्या सेवा केंद्रात ज्योत्सना बसते, आणि तिचं काम चालतं भंडाऱ्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. तिनं इथून नाव-पासवर्ड टाकलं की तिथं माझा जन्म. आज अकराला जन्मली.

काम जोखमीचं. देवकाबाईच्या मासेमार बायांच्या संस्थेला गावचा तलाव ठेक्यानं पाहिजे. अर्जाची मुदत आज पाचपर्यंत. मागच्या खेपेला तलाव पलीकडच्या टोली वस्तीतल्या लिलाधरनं नेला, अन् या बायांनी परक्या तलावावर रोजीनं जाळी ओढली. आज साऱ्या बायांची नावं भरून झाली आणि सानगडीचं नेट गेलं.

मी भंडाऱ्यात जागची हलली नाही. अर्ज मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या कोणाला हात लावू देईन तर शपथ!

सव्वाचारला नेट आलं. ज्योत्सनानं मला हाक मारायची सोडून नवीनच सेशन उघडलं. ते कोरं पोर अर्ज मागायला आलं, मी दिला नाही. पडद्यावर आलं, 'हा अर्ज दुसरीकडे उघडा आहे.'

"माय वं! आपला अर्ज कोणी तरी उघडून बसलं!" ज्योत्सना ओरडली.

"कोणी तरी काहून? लिलाधरच असन!" शेजारी बसलेल्या देवकाबाईनं तडक त्याला फोन लावला. "काहून रे, बायाइचा अर्ज दाबून बसला? लाज नाही वाटत?"

"बाई, मी गुडघाभर चिखलात धानाचा रोवना करून राहिलो. कोणता अर्ज?"

"खोटा कुठचा!"

मी तिकडे भंडाऱ्यात बोंबलत होती, अगं बयांनो, मी आहे, मी! ऐकते कोण?

पाचला दहा कमी. देवकाबाई चौथी शिकलेली, पण वाचेल ते शेवटपर्यंत वाचेल. तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "हे खाली बारीक काय लिवलं हाय वं? वाचलं का तू?"

तिथं अर्ज उघडणाऱ्याचं नाव होतं. त्याखाली, 'जुने काम पुढे चालू करायचे का?'

ज्योत्सनानं गुपचूप 'हो' दाबलं. मी जशीच्या तशी हजर, एका बाईचं नाव गळालं नाही. अर्ज गेला. पावती निघाली.

आता ती 'बाहेर पडा' दाबेल आणि मी खरीच संपेन. जाते. पण बायांनो, नेट तुटलं तर आधी पडदा पुरता वाचा, मग फोन लावा.

तेवढ्यात लिलाधरचाच फोन आला. "भेटला का बाई तुमचा चोर?"

"भेटला गा."

"कोण होय?"

देवकाबाईनं चष्मा सावरला आणि मघाशी पडद्यावर वाचलेलं नाव सांगितलं, "ज्योत्सना."