वाट्यावरचा एक मासा

उडी न मारणारा मासा निवडून द्यायला कोणी माझ्याकडे यावं, यातच सगळं आलं. मी चाळीस वर्षं तांडेल म्हणून बोट चालवली. जाळ्यातला मासा उडी मारतो, मारत नसेल तर तो शिळा, एवढंच माझं शिक्षण. पण वजीरला हे कोण सांगणार?

वजीर माझा शेजारी. आमच्या परड्यांमध्ये दगडांचा एकच गडगा, तोही लहानपणी आम्ही दोघांनी उड्या मारमारून अर्धा पाडलेला. हा मोठ्या मालवाहू जहाजांवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम होता. निवृत्त होऊन घरी आला आणि तिसऱ्या महिन्यात हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी मांडली. आत खारं पाणी, दगड, दगडांवर रंगीत प्रवाळं. वर झाकण नाही, सगळं उघडं. झाकण घातलं की पाणी तापतं, प्रवाळांना उजेड पोचत नाही, असं तो म्हणतो. समोर अख्खा अरबी समुद्र फुकट पसरलाय, त्याकडे हा ढुंकून बघत नाही. ते पाणी घाण आहे म्हणे! विकतचं मीठ बादलीत कालवून हा घरात समुद्र करतो.

पण एक खरं सांगतो, आणि मी खरं क्वचितच सांगतो म्हणून लक्ष द्या. जहाज सुटल्यापासून हा माणूस दिवसभर गच्चीवर उभा राहून लांबची जहाजं मोजायचा. जेवायला हाक मारली तरी उतरायचा नाही. टाकी आली आणि हा खाली आला. खुर्ची टाकून समोर बसला, चार घास नीट जेवू लागला. टाकी गेली तर हा परत गच्चीवर जाणार, हे मलाही कळत होतं आणि त्याच्या बायकोलाही.

तरी खतिजाभाभी म्हणजे खतिजाभाभीच. पहिला मासा टाकीतून उडाला तो तिच्या चपलेत सापडला, वाळून पापड झालेला. दुसरा उडाला तो त्यांच्या लेकीची, समरीनची सासू चहाला आली होती त्या दिवशी, आणि थेट विहीणबाईंच्या बशीत उतरला. विहीणबाई बशीतून चहा पीत होत्या की कपातून, याबद्दल त्या घरात दुमत आहे. मी सांगतोय म्हणजे बशीतूनच.

त्या दिवशी भाभीने फर्मान काढलं. "झाकण घाला नायतर उडी न मारणारा मासा आणा. तिसरा मासा जमिनीवर दिसला की ही टाकी या घरातून गेली. अल्लाची शपथ!"

वजीरने झाकण घालायचं नाकारलं आणि गडग्यावरून मला हाक मारली. "आप्पा, तुला माशांचं कळतं. चल मिरजोळ्याला."

"मला तळलेल्या माशांचं कळतं."

"चल रे मेल्या!"

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत अजिंक्य नावाच्या तरण्या गृहस्थाची शेड आहे. रेल्वेने मुंबईहून मासे मागवून विकतो. आम्ही दहा वाजता पोचलो. साडेअकरापर्यंत वजीरने एकही मासा पसंत केला नव्हता. मुलगी बघायला गेलेला माणूससुद्धा एवढ्या खोड्या काढत नाही.

"हा फायरफिश बघा काका, काय रंग आहे!" अजिंक्य म्हणाला.

"उडतो. चपलेत सापडलेला तोच."

"मग हा पिवळा टँग?"

"माझ्या टाकीला मोठा होईल."

"हा मँडरिन. हा उडत नाही."

"पण जिवंत बारीक किडेच खातो. उपाशी मरेल."

"वजीर," मी म्हणालो, "तू मासा शोधतोयस की जावई?"

"जावई उडाला असता तर एवढं वाईट वाटलं नसतं," तो म्हणाला आणि पुन्हा काचेला नाक लावून उभा राहिला.

शेवटी पावणेएकला निर्णय झाला. दोन क्लाउनफिश, कारण ते आपला कोपरा धरून राहतात. चार कार्डिनल, कारण ते पाण्यात नुसते टांगल्यासारखे उभे असतात, सरकारी कचेरीत दुपारी असतात तसे. सहा पिशव्या मांडीवर घेऊन वजीर रिक्षात जाऊन बसला. रिक्षावाल्याला म्हणाला, "खड्डा चुकवलास तर दुवा देईन."

मी मागे रेंगाळलो. आता इथेच माझी चूक झाली म्हणतात. पण रत्नागिरीच्या कुठल्याही माणसाला विचारा. मिरकरवाड्याच्या बंदरावर मांदेलीचा वाटा घेतला की वर दोन मांदेली घातल्याशिवाय कोणी पिशवीचं तोंड मिटतं का? वर मागितलं नाही तर कोळीणच विचारते, "काय, तब्येत बरी नाय?"

"अजिंक्य," मी म्हटलं, "वर एक घाल."

"आप्पा, हा काय बांगड्यांचा वाटा आहे?"

"नसेना. सहा घेतले, वर एक नको?"

तो जरा थांबला. मग त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला तिथेच शंका यायला हवी होती. कोपऱ्यातल्या लहान टाकीत एकटाच एक मासा होता. दोन बोटांएवढा, नारिंगी-जांभळा, अंगावर निळे पट्टे. "हा न्या. तुम्हाला म्हणून." त्याने इतक्या घाईने पिशवीला गाठ मारली की पाणी माझ्या धोतरावर सांडलं. एवढा देखणा मासा एकटा का ठेवलाय, हे चाळीस वर्षांच्या तांडेलाने विचारायला नको होतं का? पण फुकटच्या माशाला कोण प्रश्न विचारतो!

घरी वजीरने सहा पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या, पाण्याची सवय व्हायला. तो घड्याळ आणायला आत गेला आणि मी लपवून आणलेली माझी पिशवी सोडली. वर मिळालेल्या वस्तूचा आनंद असा अचानकच द्यायचा असतो.

संध्याकाळी गडग्यावरून हाक नाही, बोंब आली. "आप्पा! हा रॅस कोणी सोडला?"

"वर मिळाला."

"वर? अरे, ही उड्या मारणारी जात! आणि भांडखोर! कार्डिनलचे पंख कुरतडतोय!"

"मग काढ बाहेर. दोन बोटांचा तर आहे."

इथून पुढचे तीन दिवस मी कोणाला सांगत नाही. एक मी, ज्याने एकदा एका ओढीत इतका बांगडा काढला की बोट बंदरात आली आणि समुद्र वीतभर खाली गेला. दुसरा वजीर, ज्याने सात समुद्र पाहिले. आणि चार फुटी काचेच्या पेटीत, समोर दिसणारा मासा आम्हाला दोघांना धरता येईना! जाळी घातली की तो दगडात शिरायचा. जाळी काढली की बाहेर येऊन आमच्याकडे बघायचा. बाटली कापून सापळा केला. त्यात दोन्ही क्लाउनफिश शिरले. दगड उचलावे तर प्रवाळं मोडतील म्हणून वजीर रडकुंडीला आला. मी घरून पाग आणला. बारा फूट घेराचं ते फेकजाळं बघून वजीरने मला जे म्हटलं, ते जहाजावरच शोभतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी काठी घेतली. "मी या बाजूने हुसकतो, तू त्या बाजूला जाळी धर."

"हळू. घाबरला तर उडेल."

"वजीर, मासा कसा हाकायचा ते मला शिकवू नको."

मी हाकला. मासा निघाला तो जाळीकडे नाही, वर. टाकीतून सरळ उडाला, वजीरच्या कानाजवळून गेला आणि पलीकडे खतिजाभाभी तांदूळ पाखडत बसली होती, तिच्या सुपात जाऊन पडला.

मासा तांदळात थयथयाट करत होता.

वजीर आधी सावरला. सारंगाचं डोकं! "सुपात पडला," तो म्हणाला. "जमिनीवर नाय पडला. तू जमीन म्हणाली होतीस."

भाभीने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे सुपाला एक हिसका दिला. मासा उडून लादीवर आपटला.

"आता पडला," ती म्हणाली.

वजीरने धावत जाऊन ओंजळीत घेतला आणि टाकीत सोडला. मेला नाही तो. असले मरत नाहीत. पण वजीर तिथेच टाकीला हात लावून उभा राहिला, आणि त्याचा चेहरा गच्चीवर असायचा तसा झाला. मला बघवेना.

"भाभी," मी म्हणालो, "चूक माझी. वर मी मागितला."

"माहीत हाय मला. अजिंक्यला फोन केला होता मी." तिने सूप खाली ठेवलं. "शपथ घेतलीय, टाकी या घरात राहणार नाय. दुसऱ्या कुठल्या घरात राहू नये असं मी बोलले नाय. गडग्यापलीकडे जागा हाय."

"माझ्या घरात?"

"वर घेतलात ना? मग खालचा वाटाही न्या. सगळा."

मी कमळाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, धावलो. वाटलं, ती तरी नकार देईल. ती दारात उभी होती आणि माझी आरामखुर्ची खिडकीतून हलवून झाली होती. बायकांचं हे बोलणं गडग्यावर कधी झालं, खुदाला आणि त्या दोघींनाच ठाऊक.

टाकी आणायला आठ माणसं लागली, आणि पाणी बादल्यांनी वाहिलं. आता ती माझ्या खिडकीत आहे, उघडीच. वजीर सकाळी साडेसहाला येतो, माझ्याच घरचा चहा घेतो, दुपारचं कमळाच्या हातचं जेवतो आणि दिवेलागणीला घरी जातो. खतिजाभाभीचं वजन वाढलंय, गाल वर आलेत, सारखी हसत असते. गच्चीवर तिने मिरच्या वाळत घातल्यात.

आणि माझं काय? मी माझ्या घरात खोकायचं असलं तर अंगणात जातो. आता हे लिहायला बसलोय तर वजीर मागे वळून म्हणतो, "आप्पा, कागद फडफडवू नको, कार्डिनल दचकतात." मी म्हटलं, घर माझं आहे. तर म्हणतो, "हळू बोल."