सातवा डाग

तळघरात ओलीचे सात डाग होते. सहा जमिनीलगत होते. सातवा बाबांच्या खुर्चीसमोर होता, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. तिथे बसून ते रेडिओ दुरुस्त करायचे. मार्चमध्ये ते गेले, पण आई माझ्याकडे कात्रजला यायला तयार नव्हती.

"हे खाली आहेत अजून. श्वास घेतात."

"आई, भिंतीतून पाणी झिरपतंय."

"तुम्हा एमएस्सीवाल्यांना सगळं झिरपतच असतं."

मी वॉटरप्रूफिंग करून घेतलं. कामगारांनी भेगा भरल्या, कोटिंगचे दोन हात दिले. सहा डाग वाळले, सातवा तसाच राहिला. मग मी त्यावर प्लास्टिक लावून चारही कडा टेपने बंद केल्या. पाणी भिंतीतलं असेल तर थेंब प्लास्टिकच्या मागे जमतात. खोलीतल्या हवेतलं असेल तर पुढे.

"मागे जमले तर येईन मी तुझ्याकडे," आई म्हणाली. मी तळघराला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यातच थांबली. "बघ, आणि खरं काय ते सांग."

प्लास्टिकची मागची बाजू कोरडी होती. पुढच्या बाजूला थेंबांचं एकच वर्तुळ होतं, व्यास अकरा सेंटीमीटर. बाकी प्लास्टिक कोरडं होतं.