पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये

आमच्या इमारतीत वरखाली नावाचा एक माणूस राहत असे. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते दारावरच्या पाटीवरच राहिलं आणि पाटी वाचायला कुणी जात नसे. लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून वरखाली. तो सहाव्या मजल्यावर, मी त्याच्या बरोबर खाली, पाचव्यावर. माझ्या सांगण्यात मीठ जरा जास्त पडतं अशी माझी ख्याती आहे. असू दे. ज्याला अळणी आवडतं त्याने वर्तमानपत्र वाचावं.

तर वरखालीचा कान. लिफ्टच्या दाराला कान लावून तो सांगायचा, आत कोण आहे, पोटभर जेवलाय की नाही आणि त्याला घरी जायची इच्छा आहे की नाही. एकदा जिन्यात उभा राहून मला म्हणाला, "तिसऱ्या मजल्याचे मास्तर आज वर जाताना फार जड लागतायत." संध्याकाळी कळलं, मास्तरांच्या सासूबाई मुक्कामाला आल्या होत्या. हे मी स्वतःच्या कानाने ऐकलंय, आणि माझा कान तर साधाच आहे.

त्याच्या धंद्यात दोन नियम होते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये सोडून घरी जायचं नाही, हा पहिला. दुसरा असा, की आत माणूस अडकला असेल तर हत्याराला हात लावण्याआधी त्याच्याशी बोलायला लागायचं आणि तो बाहेर येईपर्यंत बोलणं तुटू द्यायचं नाही. "माणूस अंधाराला घाबरत नाही रे," तो म्हणायचा, "बाहेर कुणीच नाहीये असं वाटलं की घाबरतो." एकदा म्हणे एका बाईंशी तो इतका वेळ बोलला, की सुटका झाल्यावर त्या बाहेर यायला तयार होईनात, म्हणाल्या, गोष्ट तर पुरी करा.

त्या बाईंशीच पुढे त्याचं लग्न झालं. आता हे मात्र खरं आहे. सहाव्या मजल्यावरचं ते दोन खोल्यांचं घर दोघांनी कर्ज काढून घेतलं, आणि कर्ज फिटायच्या आत त्या वारल्या. मूलबाळ नव्हतं. एक बहीण होती लांबच्या गावी, ती रविवारी फोन करून विचारायची, जेवलास का. तो हो म्हणायचा. बस, एवढंच.

मग गोंधळ सुरू झाला. आमची इमारत बांधणारा बिल्डर बुडाला. एकाच वेळी नऊ ठिकाणी खड्डे खणून ठेवले होते, बुडेल नाहीतर काय. सरकारने त्याला वर काढला. त्याला पैसे देणारी बँक बुडायला आली, तिलाही काढलं. मोकळा श्वास घेतल्यावर बिल्डरने पहिलं काम काय केलं, तर आमच्या आणि आजूबाजूच्या सगळ्या इमारतींत नव्या लिफ्ट बसवल्या. स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवणाऱ्या. काही बिघडलं तर आतलं लाल बटण दाबायचं, की कुठल्यातरी दूरच्या शहरातली कुणीतरी मुलगी फोनवर येणार. दाराशी मंजूळ आवाजात "दार बंद होत आहे" असंही सांगणार. जुन्या लिफ्ट भंगारात गेल्या आणि वरखाली घरी बसला.

"म्हणजे बघ," तो मला म्हणाला, "माझ्याच करातून त्याला वाचवलं, आणि वाचल्या वाचल्या त्याने मला ढकललं."

"तू बुडायला हवं होतंस आधी," मी म्हटलं. "मोठ्याने. हातपाय झाडत."

मी थट्टा केली होती. पण त्याच सुमारास घरांसाठीही योजना आली. ज्यांना कर्ज फेडणं जमत नाही, त्यांचं निम्मं कर्ज सरकार भरणार. वरखालीच्या समोरच्या दारात एक गृहस्थ राहत. त्यांनी ऐपतीपेक्षा मोठं घर घेतलं होतं, त्यात संगमरवर बसवला होता आणि हप्ते भरायचं सोडून दिलं होतं. त्यांचं निम्मं कर्ज माफ झालं. त्या आनंदात त्यांनी भिंतभर काचेची टाकी आणून मासे पाळले, तेव्हापासून ते मासेवाले. त्यातला एक मासा इतका माजला की मासेवाले टीव्ही बघत असताना चॅनेल बदलायला सांगायचा, असं मी सगळ्यांना सांगत असे. वरखाली मात्र हसला नाही.

तो योजनेच्या कचेरीत गेला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "किती हप्ते थकलेत?"

"एकही नाही, ताई."

"मग तुम्ही अडचणीत नाही."

"नोकरी गेलीय माझी. शिल्लक मोडून भरतोय."

"भरताय ना? नोकरीचं ते पलीकडच्या खिडकीत."

पलीकडच्या खिडकीवर पुठ्ठा लावला होता. दिवसभर त्याच्यासमोर बसून तो परत आला.

तेव्हा त्याने ठरवलं, हप्ते चुकवायचे. ऐकायला सोपं वाटतं. ज्याने आयुष्यात लिफ्ट कधी अधांतरी सोडली नाही त्याला विचारा. हप्त्याच्या तारखेला त्याचे पाय आपोआप बँकेकडे निघायचे. मी स्वतः त्याच्या चपला माझ्या घरी कोंडून ठेवल्या, तर अनवाणी निघाला. शेवटी पंच्याचं एक टोक पायाला आणि दुसरं पलंगाला बांधून झोपला. सकाळी पलंग दारापर्यंत आलेला. तरी तीन हप्ते कसेबसे चुकवले. त्या तीन महिन्यांत तो वाळला. मासेवाले जिन्यात भेटले की विचारत, "काय, अजून नोकरी नाही?" आणि उत्तर ऐकायच्या आत लिफ्टचं दार बंद होई.

तो लिफ्टने जाईनासा झाला होता. पण दुपारी कधीकधी तिच्यासमोर उभा राहायचा, आणि तिने "दार बंद होत आहे" म्हटलं की "बरं" म्हणायचा. मी हे पाहिलंय. मी त्याला म्हटलं, अरे, मी आहे ना बोलायला. तो म्हणाला, "तुझ्याशी बोलणं म्हणजे रेडिओशी बोलणं. ऐकतोच आपण." मला वाईट वाटलं नाही. रेडिओ चांगला असला की झालं.

अखेर अर्ज स्वीकारला गेला. एक अधिकारी येऊन घर पाहणार, ते खरंच याचंच आहे आणि हा खरंच त्यात राहतो याची खात्री करणार आणि पाच वाजायच्या आत कचेरीत परतून नोंद करणार, असं ठरलं. योजनेचा तो शेवटचा दिवस होता. पाचनंतर संगणक नवीन नाव घेणार नव्हता. वरखालीने सकाळपासून घर झाडलं, बायकोच्या फोटोची काच पुसली, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. त्यांतली एक किती दिवसांत जागची हलली नव्हती, तिच्याखाली धुळीचा चौकोन होता.

दुपारी दोनच्या पुढे लिफ्ट अडकली.

मी दार उघडून बाहेर आलो तर पाचव्या आणि सहाव्याच्या मधून आवाज येत होता. कुणीतरी आतून दार बडवत होतं. वरखाली जिन्यावरून उतरत आला, सवयीने कान लावला आणि म्हणाला, "तरुण आहे. सकाळपासून उपाशी." मग दाराच्या फटीशी तोंड नेलं. "घाबरू नका. मी बाहेर आहे. कुणाकडे निघालात?"

"सहाव्या मजल्यावर. योजनेच्या पाहणीला आलोय. लाल बटण दाबलं, ती बाई म्हणाली मेकॅनिक पाठवतो, आणि मग गाणं लागलं. अजून गाणंच चालू आहे."

मी वरखालीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंदच म्हणेन.

"माझ्याकडेच येत होतात," तो म्हणाला. "बसा खाली. पाठ भिंतीला टेका. वर पेटी आहे, तिच्यातून ब्रेक हाताने सोडला की लिफ्ट सावकाश मजल्याला लागते. काही अवघड नाही. आता सांगा, पाय थरथरतात का?"

"थोडे."

"माझेही थरथरायचे सुरुवातीला. बोलत राहा. जेवलात का?"

"कुठलं काका. आज शेवटचा दिवस, सकाळपासून घरंच बघतोय. बारावं हे."

"घरं बघायला मजा येत असेल."

"कसली मजा. लोक मी येणार म्हणून टीव्ही उशांखाली लपवतात. एका बाईने नवऱ्याला बाथरूममध्ये लपवलं, नोकरी आहे म्हणून. तो आतून शिंकला." तो आत हसला. वरखालीही हसला. मी त्याला किती महिन्यांनी हसताना पाहत होतो.

"तुमचं स्वतःचं घर?"

"भाड्याचं. मालक दर वर्षी बाहेर काढतो. दिवसभर दुसऱ्यांची घरं वाचवतो, काका, आणि संध्याकाळी माझ्या खोलीवर जातो तेव्हा दिवा लावायलाही कंटाळा येतो. कुणासाठी लावायचा?"

वरखाली पायरीवर नीट टेकून बसला.

"माझंही तसंच आहे," तो म्हणाला. आणि बोलायला लागला. मी बावीस वर्षं त्याच्या खालच्या मजल्यावर राहतोय. त्यातलं निम्मं मला नवीन होतं. बायको अडकली होती तेव्हा तिने पर्समधली गोळी फटीतून बाहेर सरकवून त्याला दिली होती, कारण बोलून बोलून त्याचा घसा बसला होता. ती गेल्यावर तो कितीतरी दिवस तिच्या बाजूची चादर सरळ करत असे. मासेवाल्यांचा राग येतो, पण रात्री भिंतीतून त्यांच्या टाकीतल्या पाण्याची बुडबुड ऐकू येते आणि ती बरी वाटते. आतला मुलगा विचारत होता, मग? मग काय झालं? कुणीतरी त्याला मग काय झालं असं विचारत होतं.

"अरे," मी हळूच म्हटलं, "वाजले किती ते बघ. काढ त्याला."

"त्याचा जीव थाऱ्यावर येऊ दे. दोन मिनिटं."

थोड्या वेळाने मी पुन्हा म्हटलं. तो पुन्हा म्हणाला, दोन मिनिटं. साडेचार होऊन गेल्यावर तिसऱ्यांदा मी त्याच्या खांद्याला धरून हलवलं, तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच त्याला कुठून तरी बाहेर खेचतोय. मग उठला, बोलत बोलतच वर गेला, पेटी उघडली. तिथूनही ओरडून सांगत होता, "आता जरा हलेल, घाबरू नका, मी आहे." लिफ्ट सरकली आणि सहाव्या मजल्याला अशी लागली की उंबरठ्यावर पाण्याचा थेंब ठेवला असता तर सांडला नसता.

दार उघडलं. मुलगा बाहेर आला, घामाने भिजलेला, हसरा. त्याने वरखालीचे दोन्ही हात धरले. मग घड्याळाकडे त्याचं लक्ष गेलं आणि हसू विरलं. त्याने दारातूनच घर पाहिलं, दोन खुर्च्या पाहिल्या, आणि जिन्यावरून धावत सुटला. बसायला म्हणून मांडलेल्या खुर्चीवर कुणी बसलंच नाही.

तो पोहोचला तेव्हा कचेरीचं शटर अर्ध्यावर होतं आणि संगणक बंद. संध्याकाळी त्याने फोन केला. "काका, अर्धा तास आधी काढलं असतंत मला तर."

"हो," वरखाली म्हणाला. "बोलण्यात राहिलं."

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. थकलेले तीन हप्ते आता खरेच थकलेले होते, त्यांच्यावर दंड चढला, शिल्लक संपली. बँकेने, वाचवलेल्या त्याच बँकेने, घर ताब्यात घ्यायची तारीख कळवली. मी त्याला म्हटलं, काय गरज होती रे इतकी गप्पा मारायची. तो म्हणाला, "नियम आहे." मग खिडकीबाहेर बघून म्हणाला, "आणि तो विचारत होता ना, मग काय झालं म्हणून."

निघायच्या दिवशी बहिणीकडे जाणारं सामान खाली टेम्पोत भरलं. सामान ते काय, एक पलंग, दोन खुर्च्या, फोटो. शेवटची हत्यारांची पिशवी घेऊन येतो म्हणून तो वर गेला. मी टेम्पोपाशी थांबलो. बराच वेळ झाला. तिथून दिसणारा लिफ्टचा आकडा पाच दाखवत होता, मग सहा, मग पुन्हा पाच, आणि मग काहीच नाही.

मी जिने चढलो. या वयात पाच मजले म्हणजे डोंगरच, पण चढलो. मधल्या पायरीवर आलो तर दारामागून आवाज येत होता. त्याने स्वतःच लिफ्ट थांबवली होती. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये. ज्याने जन्मात कधी असं केलं नाही, त्याने.

"आपण अडकला आहात का?" ती दूरच्या शहरातली मुलगी विचारत होती. आज गाणं लागलं नव्हतं.

"हो."

"काका, मेकॅनिक यायला बराच वेळ लागेल."

"लागू दे."

"तुम्ही घाबरलात का?"

"थोडा."

"अशा वेळी काय करायचं असतं ते आम्हाला शिकवलेलं नाही हो."

"काही नाही. बोलत राहायचं."

"काय बोलू?"

"तू जेवलीस का, तिथून सुरू कर."

माझ्या तोंडात चार गोष्टी आल्या होत्या. मी त्या गिळल्या आणि उलट पावली खाली आलो. टेम्पोवाला वैतागला होता. "अहो, किती वेळ?"

"लिफ्ट अडकलीय," मी म्हटलं.

"मग मेकॅनिकला बोलवा."

"तो आतच आहे."