दोन बोटं खाली

सुभेदार लालासाहेब फौजेतून कायमचे उंब्रजला आले, तोवर त्यांच्या पत्नी राहीबाईंचे गुडघे संधिवातानं पार आखडून गेले होते. मोटारीत चढायचं तर दोघांनी उचलून ठेवावं लागे. एकदा स्टँडसमोर असं उचलताना लुगडं गुडघ्यावर सरकलं आणि कुणीतरी हसलं. तेव्हापासून त्यांनी उंबरा ओलांडला नाही. रहिमतपूरला म्हातारी आई होती, तिचीही भेट राहिली.

चौऱ्याहत्तर साली लालासाहेबांनी जुनी फियाट घेतली ती थेट जाफर मिस्त्रीकडं नेली. म्हणाले, "खाली घे गड्या. हिला आपली आपण बसता आलं पायजे."

जाफरनं मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा बाक उतरवला, पुढच्या स्प्रिंगा थोड्या कापल्या. मग चार माणसं आत बसवली आणि इंजिनाखालच्या ऑईलच्या चेंबरखालून कडेवर उभी केलेली वीट सरकवून पाहिली. जेमतेम गेली.

"आता बास, सुभेदार. मोकळ्या गाडीच्या उंचीवर जाऊ नका. भरली की ती बसती."

गाडी दारात आली. राहीबाई पाठमोऱ्या टेकायला गेल्या, पण सीट दोन बोटं वरच राहिली. "ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या आणि भिंत धरत आत गेल्या.

लालासाहेब पुन्हा जाफरकडं गेले. "आडव्या विटेवर आण."

"डांबरीवर चालंल. गाडीवाटंला चेंबर फुटंल."

"हळू नेईन की."

सासुरवाडीची वस्ती डांबरीपासून आत होती, हे त्यांना ठाऊक होतं. पण भिंत धरून आत जाणारी पाठ त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

हिवाळ्यात निरोप आला. आईनं अंथरूण धरलंय, सारखं राहीचं नाव घेतीय. राहीबाई सीटवर टेकल्या, हातानं एकेक पाय आत घेतला, दार ओढलं. "आवं, बसले की मी!" रडवेल्या चेहऱ्यावर हसू फुटलं. लालासाहेबांना वाटलं, जिंकलं.

वस्तीच्या वाटेवर उसाच्या गाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. एक चाक मधल्या उंचवट्यावर ठेवून ते गाडी जपून नेत होते. तरी खालून खर्रकन आवाज आला, मग दणका. मातीवर काळं ऑईल पसरलं. वस्ती समोर दिसत होती.

त्यांनी हाका मारल्या. मेव्हणा दादासो गड्यांना घेऊन बाज उचलूनच धावत आला.

"दाजी, आक्काला कसं..."

"उचला मला," राहीबाईच म्हणाल्या. बाजेवर लुगडं सरकलं, पण त्यांनी ते सावरलं नाही. "बिगीबिगी चला रं!"

पोचले तेव्हा आईचा हात ऊनच होता. डोळे मात्र मिटले होते.

"आत्ताच गेल्या," भावजय चंद्राबाई रडत म्हणाली. "गाडीचा आवाज आला तवा म्हनल्या, राही आली. मग आवाजच थांबला."

राहीबाईंनी आईच्या तळव्यावर गाल ठेवला. लालासाहेब दारातच उभे राहिले. आत जायचं त्यांचं धाडस झालं नाही.

तेरावं झाल्यावर त्यांनी फियाट बैलांनी ओढून जाफरकडं नेली. "वर घे," एवढंच म्हणाले. जाफरनं चेंबर बदललं, नव्या स्प्रिंगा घातल्या.

गाडी पुन्हा दारात आली. "चल, कराडपर्यंत जाऊन येऊ. मी उचलतो."

राहीबाई सुपातले गहू निवडत होत्या. "तुमी जाऊन या. मला आता कुनाकडं जायाचंय?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं लालासाहेबांना वाटलं. ते राहीबाईंजवळ खाली बसले आणि खडे वेचू लागले.