सगळ्या मालकांचं शटर

मित्रांनो, मी धुळ्याच्या बाजारपेठेतलं एक जुनं, गंजकं शटर आहे आणि तुमच्यापैकी कोणीही मला आवडत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. येता-जाता तुम्ही माझ्यावर चेंडू मारता, तुमचे काका माझ्या कोपऱ्यात पिचकारी टाकतात आणि वर माझी कहाणी ऐकायला ऐटीत येऊन बसता. बसा आता.

माझा जन्म जळगावच्या एका कारखान्यात झाला. माझा पत्रा इतका हट्टी होता, की मला गुंडाळायला शिकवताना कारागिरांचे हातोडे रुसून बसले. तरुणपणी मी वर गेलो, की खडखडाट थेट शिरपूरला ऐकू जायचा आणि तिथल्या कापसाच्या वखारीतले हमाल दचकून कामाला लागायचे. खोटं वाटत असेल तर शिरपूरला जाऊन विचारा. कोणी नाही म्हणालाच, तर तो उशिरा उठणारा असेल.

माझे पहिले मालक रतिलालशेठ. जळगावला त्यांचं मोठं दुकान होतं. साड्या, भांडी, किराणा, चपला, सगळं एका छपराखाली. मग धुळं झालं, शिरपूर झालं. शेठ धुळ्याला आले, की सकाळी मला हात लावून नमस्कार करायचे आणि नोकर मंडळी धावत येऊन मला उचलायची. ते माझे कौतुकाचे दिवस.

शेठ थकले. मुलगा हितेंद्र सुरतेला रमला, त्याला दुकानात रस नव्हता. बाहेरची एक कंपनी सगळी दुकानं विकत मागायला आली, तेव्हा शेठनी तिला चहा पाजून वाटेला लावलं आणि दुकानं नोकरांच्याच नावावर करून टाकली. ज्याने झाडलं, मोजलं, बांधून दिलं, तो प्रत्येक जण आता मालक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला उचलायला कोणीच आलं नाही. सगळे हाताची घडी घालून समोर उभे. शटर उचलणं हे नोकराचं काम, आणि नोकर तर आता कोणी उरलाच नव्हता. शेवटी शिंदखेड्याहून टॉवेल घ्यायला आलेल्या एका म्हातारीने कासोटा खोचून मला वर केलं.

तरी सुरुवातीची वर्षं बरी गेली, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. स्वतःचं दुकान म्हणून माणसं सांडलेली साखरही वेचायची. सावद्याला केळीवाल्यांच्या गावात चौथं दुकान निघालं. आणि मग धुळ्यात साड्या आणि भांडी यांचं भांडण लागलं.

साड्यांकडे कमलबाई, भांड्यांकडे हिलालनाना. दारातली दर्शनी जागा कोणाची, यावरून सुरुवात झाली. मग बोलणं बंद झालं. दुसरा गुपचूप आधी येऊन आपला माल पुढे मांडेल, या संशयाने कमलबाईंनी माझ्या डाव्या बाजूला आपलं कुलूप लावलं, नानांनी उजव्या बाजूला आपलं. पुढे मलाच वाटून घेतलं. कमलबाई डाव्या खाचेत तेल घालायच्या, पत्रा पुसताना बरोबर मध्यावर हात थांबवायच्या. उजवी खाच कोरडी राहिली. कोणी विचारलं तर नाना म्हणायचे, "तेल मीच का घालू? मी एकलाच मालक शे का?"

दोन किल्ल्या जमेपर्यंत रोज दुपार व्हायची. गिऱ्हाईक समोरच्या काचेच्या दारांच्या नव्या दुकानात जायचं. जळगावहून भाईदासआबांनी, म्हणजे सगळ्या मालकांनी निवडलेल्या अध्यक्षांनी, बजावलं, की धनत्रयोदशीला मी स्वतः येतो. त्या दिवशीही हेच दिसलं तर धुळ्याचं दुकान बंद, आणि इथली माणसं उरलेल्या तीन गावांत वाटून टाकू.

धनत्रयोदशी उजाडली. भांडी घ्यायला दारात ही गर्दी. कमलबाई आणि नाना किल्ली हातात धरून उभे. जो आधी कुलूप उघडेल तो नोकर ठरणार ना. दोघं माझ्याशी बोलू लागले.

"शटरभाऊ, त्यास्ले सांग, पहिले त्यास्नी उघडाले पाहिजे," कमलबाई म्हणाल्या.

"शटरभाऊ, अक्काले सांग, मना हात दुखस," नाना म्हणाले.

गर्दीने शेवटी दोघांचे हात धरून दोन्ही किल्ल्या एकदमच फिरवल्या. मला वर ओढलं. डावी बाजू सरकन वर, उजवी जागीच. मी तिरपा झालो, कमरेपर्यंत चढलो आणि अडकलो. जन्मात इतकी लाज वाटली नव्हती.

पण सणाची खरेदी थांबते होय? बायका वाकून आत शिरल्या, पुरुष रांगत शिरले. नाना बाहेरून वाकले, गर्दीबरोबर आधीच आत ढकलल्या गेलेल्या कमलबाई आतून वाकल्या, आणि दोघांची टाळकी अशी आपटली, की शेल्फावरचे तांबे वाजले. समोरचाच आपल्यापुढे वाकला, असं दोघंही आजतागायत सांगतात.

तेवढ्यात भाईदासआबा आले. कडक इस्त्रीचं धोतर, भरभक्कम पोट, आणि आयुष्यभर इतरांना वाकवण्याची सवय. दुकान बंद करायचं तर ते दुकानात येऊन, सगळ्या मालकांसमोर सांगायचं, असा त्यांचाच नियम होता. ते बाहेरूनच ओरडले, की आजपासून हे दुकान बंद.

एव्हाना आत शिरलेल्या हिलालनानांनी कमलबाईंकडे पाहिलं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच. कमलबाई माझ्याखालून म्हणाल्या, "आबा, नियम तुमनाच शे. दुकानमा या. वाकीसन या."

आबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्याकडे बघत राहिलो, एक इंच हललो नाही. शेवटी ते एसटी स्टँडकडे निघून गेले. पुढच्या सभेत शिरपूर आणि सावद्याच्या मालकांनी विचारलं, की ज्या दुकानात अध्यक्षांनाच शिरता येत नाही, ते बंद कसं करणार? धुळ्याचं दुकान राहिलं.

गोड शेवट हवा असेल तर दुसरीकडे जा. कमलबाई आणि नाना अजून बोलत नाहीत. कुलपं दोनच आहेत. नाना आता तेल घालतात, पण कमलबाईंपेक्षा जास्त घालतात, केवळ जिरवायला म्हणून.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगतो. शाळेचा नळ, गल्लीतला दिवा, वाचनालयाचं दार, जे जे सगळ्यांचं आहे त्याची काळजी घ्या. प्रेमाने जमत नसेल तर एकमेकांवर चिडून घ्या. आम्हा वस्तूंना तेवढंही पुरतं.

आणि आता उठा माझ्या पायरीवरून. दुकान बंद करायची वेळ झाली, आणि खाली येताना मी बोटं बघत नाही.